परतीच्या बोलीवर

उलव्याच्या विमानतळाच्या मालधक्क्यावर दर्शना घरतला सगळे 'कार्नेटवाली ताई' म्हणत. तिच्या दारावरच्या पाटीवर 'कस्टम्स ब्रोकर' असं रीतसर लिहिलेलं होतं, पण पाटी वाचतो कोण? परदेशातून कुणी चित्रीकरणाचे कॅमेरे आणले, कुणी प्रदर्शनासाठी यंत्र आणलं, कुणी शर्यतीचा घोडा आणला, की तो माणूस विचारत विचारत तिच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचायचा. हा माल विकायला आणलेला नसतो. काम झालं की परत न्यायचा असतो, मग त्यावर जकात कशाला भरायची? त्यासाठी मालाचा पासपोर्ट काढतात, तो म्हणजे कार्नेट. माल येताना एका पानावर शिक्का, जाताना दुसऱ्या पानावर. मधल्या काळात तो पाहुणा असतो आणि मुदत संपायच्या आत त्याला निघावं लागतं. तेही जसा आला तसाच, पुरा.

दर्शनाच्या बापाच्या काळात हे हिरव्या वेष्टनाचं खरंखुरं पुस्तक असे. आता सगळं यंत्रात गेलं होतं, तरी धक्क्यावरचे लोक अजून 'पान फाडलं का?' असंच विचारत. नियम मात्र तेच राहिले होते. त्यातला पहिला नियम म्हणजे मालाची यादी एकदा निघाली की तिच्यात भर घालायची नाही आणि खाडाखोड करायची नाही.

दर्शनाच्या याद्या आखूड असत, आणि याचा तिला भारी अभिमान होता. प्रत्येक नग वेगळ्या ओळीत लिहावा, असं प्रशिक्षणात शिकवतात. पण शिकवणाऱ्यांना मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभं राहावं लागत नाही, असं तिचं मत. जेवढ्या ओळी तेवढ्या तपासण्या, तेवढा खोळंबा. त्यामुळे एकत्र वापरायच्या वस्तू ती एका ओळीत बसवायची. 'दिव्यांचा संच, १.' 'तबला-डग्गा, संच १.' तिची गिऱ्हाइकं तासाभरात मोकळी होत आणि बाकीच्या एजंटांचे लोक तिथेच घाम पुसत बसत.

तिचा धाकटा भाऊ निकेश घरी यायचा ठरला, तेव्हा त्याचं कार्नेटही तिनेच भरलं. म्हणजे त्याचं नाही, त्याच्या छातीतल्या मालाचं.

निकेश उत्तरेकडच्या एका खाणकंपनीत पाणबुड्या होता. समुद्राच्या तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेले असतात, बॅटऱ्यांसाठी त्यांना सोन्याचा भाव आलेला. ते गोळा करायला यंत्रं होती, पण यंत्रं गाळात रुततात, बिघडतात, आणि बिघडलेल्या यंत्राला शेवटी माणसाचा हात लागतो. आता एवढ्या खोलीवर माणूस जाणार कसा? पाण्याचा दाब छातीतली हवा चिरडून टाकतो. दाबाखालची हवा पुरवली, तर तिच्यातला नायट्रोजन रक्तात उतरतो आणि माणूस वर येताना सोडा उघडल्यासारखा फसफसतो. यावर उपाय शास्त्रज्ञांना फार पूर्वी सुचलेला होता: छातीत हवाच ठेवायची नाही, भरपूर प्राणवायू विरघळवलेला एक द्रव भरायचा. द्रव चिरडत नाही. उंदीर अशा द्रवात बुडूनही श्वास घेत असल्याचं त्यांनी केव्हाच पाहिलं होतं. पण घोडं पेंड खात होतं ते कार्बन डायऑक्साइडपाशी. तो रक्तातून द्रवात पुरेशा वेगाने बाहेर पडेना, आणि माणूस आपल्याच उच्छ्वासात गुदमरे.

मग कंपनीच्या प्रयोगशाळेत एक पटल वाढवलं गेलं. अतिसूक्ष्म जाळीवर पोसलेल्या जिवंत पेशींचा तो पापुद्रा कार्बन डायऑक्साइड पंपासारखा बाहेर ढकलायचा. फुफ्फुसाचं मूळचं अस्तर खरवडून काढायचं आणि तिथे हे पटल बसवायचं, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. त्याच्यावर माणूस द्रवातही जगायचा आणि जमिनीवर हवेतही. फक्त ठरावीक काळाने कंपनीची लस टोचून घ्यावी लागे, नाहीतर शरीर पटलाला परकं समजून त्याच्यावर उठायचं. पटल कंपनीच्या मालकीचं, लसही कंपनीची. अशी माणसं सुट्टीवर निघाली तेव्हा देशोदेशींच्या जकात खात्यांना प्रश्न पडला, की एवढा मौल्यवान परदेशी माल हा छातीत घालून आणतोय, त्याचं काय करायचं? बऱ्याच खलानंतर ठरलं, की सतारवाल्याची सतार तशी पाणबुड्याची पटलं, धंद्याचं साहित्य. कार्नेट काढा.

यादी भरायचं काम कंपनी ज्याच्या त्याच्या गावच्या एजंटावर सोपवायची. दर्शनाने नियम पाहिले. प्रत्येक ओळीतल्या नगाची खूण पटवायला तपासनीस नाकातून नळी घालून थेट फुफ्फुसात उतरवणार होता. दोन ओळी म्हणजे दोनदा नळी. लहानपणी निक्याच्या नाकात तेलाचा थेंब सोडायचा तर आईला आणि तिला दोघींना त्याच्या उरावर बसावं लागे. कंपनीच्या नोंदीत पटलांना वेगवेगळे क्रमांक होते, पण दर्शनाने सवयीने आणि मायेने लिहिलं: 'श्वसनपटल, जोडी, संच १.' कंपनीच्या कारकुनाने ते तसंच मंजूर केलं. निकेश उतरला, एकदा नळी गेली, एकदा ठसका लागला, आणि अर्ध्या तासात बहीणभाऊ उरणच्या रस्त्याला लागले.

"एवढाच?" डोळे पुसत निकेशने विचारलं. "माझे बरोबरचा पोरगा बोल्ला होता दोनदा घालतात."

"तुझी बहीन कोन हाय?" दर्शना म्हणाली.

ते दिवस सुखाचे गेले. तिचा नवरा जहाजावर, लेक शिकायला बंगळुरूला, घर रिकामंच होतं. निकेश सकाळी खाडीवर जायचा, चिखलातले निवट्या मासे घेऊन यायचा, दुपारी ओट्यावर बसून भाकरी आणि निवट्यांचं कालवण खायचा. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. समुद्राच्या तळाशी राहणाऱ्याला मुलगी कोण देणार, असं तो हसून म्हणायचा. मग एक दिवस न हसता म्हणाला, "ताय, मना परत नाय जायाचा. तिथं खाली उजेड नाय, आवाज नाय. आपलाच रगात कानात वाजतं, तेच ऐकाचा."

"मग सोड ना," ती म्हणाली. एवढं सोपं नाही हे धंद्यातली बाई असल्याने तिलाच कळायला हवं होतं, पण तो भाऊ होता.

पावसाळा संपता संपता त्याच्या डाव्या कुशीत दुखायला लागलं. मग ताप आला, खोकल्यातून करडं काहीतरी पडू लागलं. वाशीच्या रुग्णालयात डॉक्टर केळुसकर नावाच्या बाई होत्या, पटलं बसवलेली माणसं त्यांनी पूर्वी तपासली होती. त्यांनी चित्रं काढली, पेशींचे नमुने घेतले, आणि दोघांना समोर बसवून सांगितलं.

"डावीकडचं पटल सडतंय. शरीराने ते नाकारलंय, आता लस देऊनही उपयोग नाही. ते काढावं लागेल, आणि लवकर. नाहीतर विष रक्तात जाईल."

"आणि उजवं?" दर्शनाने विचारलं.

डॉक्टरबाईंनी उजव्या बाजूचं चित्र पुढे ओढलं. त्यांच्या चेहऱ्यावर नवल होतं. "उजवीकडे मी पुस्तकात न वाचलेलं पाहतेय. यांच्या स्वतःच्या पेशी त्या जाळीवर चढल्यात. कंपनीच्या पेशी जवळजवळ संपल्या. शरीराने ते पटल आपलंसं केलंय. त्याला आता लस नको, काही नको. डावं काढलं तर त्या एकावर हा माणूस म्हातारा होईल."

परतताना दर्शनाने वाटेत जिलब्या घेतल्या. कितीतरी दिवसांनी निकेशने हात मारून खाल्लं.

शस्त्रक्रियेच्या दिवशी यंत्राने छातीवरून किरण फिरवला आणि ते थांबलं. आता शस्त्रक्रिया यंत्रंच करत, डॉक्टर फक्त आज्ञा देत. पडद्यावर अक्षरं आली: छातीतला माल जकात खात्याच्या ताब्यात आहे, खात्याच्या हुकुमाशिवाय कापता येणार नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा आज्ञा दिली. यंत्राने पुन्हा तेच सांगितलं. निकेशला भूल द्यायच्या आधीच खाटेवरून उठवलं.

दर्शना तडक सुपरिंटेंडंट तांबोळींकडे गेली. तांबोळी साहेब निवृत्तीला आलेले, सज्जन गृहस्थ. दर्शनाच्या वडिलांपासून त्यांची ओळख. तिने सगळं सांगितलं. त्यांनी पडद्यावर कार्नेट उघडलं आणि यादीची ओळ वाचली.

"दर्शना, ही यादी तू भरलीस?"

"हो साहेब."

"दोन वेगळे नग असते, तर डावा माझ्यासमोर काढून नष्ट केला असता. खराब झालेला माल नष्ट करायची सोय आहे. उजवा मुदतभर राहिला असता. त्या मुदतीत जकात भरून तो कायमचा ठेवून घ्यायला कंपनीशी बोलता आलं असतं. वापरलेल्या एका नगासाठी कंपनी अडून बसत नाही, मी पाहिलंय." त्यांनी चष्मा काढला. "पण इथे नग एकच आहे. अर्धा नग नष्ट करता येत नाही. अर्धा परतही पाठवता येत नाही. संच फोडला म्हणजे माल गहाळ झाला, असं यंत्र धरतं."

"मग ओळ दुरुस्त करा ना साहेब."

"आमच्या उमेदवारीत मी हाताने शेरा मारला असता आणि वर सही केली असती. आता मला शेरा मारायला जागाच ठेवलेली नाही. अपील कर, मी शिफारस देतो. पण निकालाला पाच-सहा महिने लागतात."

डॉक्टरबाईंनी तर थोडेच आठवडे हाताशी असल्याचं सांगितलं होतं. काल रात्रीपर्यंत दर्शनाला वाटत होतं की नशीब वाईट आहे. नशिबाचा इथे काही संबंध नव्हता. तिनेच एक ओळ लिहिली होती.

ती हातपाय गाळून बसली नाही. आपला ब्रोकरचा परवाना गेला तर गेला म्हणून तिने हाताने शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर शोधला. अलिबागला एक वयस्क सर्जन भेटले, पण फुफ्फुसाला हात लावून त्यांना वीस वर्षं झाली होती, आणि त्यांचे हात कापत होते. तेच म्हणाले, "बाई, हा तुमचा भाऊ टेबलावरच जाईल." मग ती कंपनीशी बोलली. पडद्यावर एक गोरा, शांत माणूस आला. दुभाषा यंत्र त्याचं बोलणं स्वच्छ पुस्तकी मराठीत सांगत होतं.

"आपल्या बंधूंना मुदतीच्या आत पाठवा. आमचे शल्यविशारद संच काढून घेतील."

"डावं काढा. उजवं राहू द्या. आम्ही ते विकत घेतो."

"आम्ही संच फोडून विकत नाही. आपल्याच यादीत तो एक संच आहे."

"दोन्ही काढल्यावर तो श्वास कशाने घेणार?"

"त्यांना बाह्य श्वसनयंत्र दिले जाईल, आणि दात्याच्या फुफ्फुसांसाठी त्यांचे नाव प्रतीक्षायादीत नोंदवले जाईल. उजव्या बाजूसंबंधी वैद्यकीय मंडळ अंतिम निर्णय घेईल."

त्या शेवटच्या वाक्याला दर्शनाने धरून ठेवलं. मंडळ निर्णय घेईल म्हणजे निर्णय अजून झालेला नाही, असं तिने स्वतःला पटवलं. ती खुळी नव्हती, पण दुसरं काहीच हाताशी नव्हतं.

निकेश ओट्यावर बसून होता. दोन पावलं टाकली तरी त्याला धाप लागत होती. ती शेजारी बसली आणि त्याला सगळं सांगितलं. कंपनी काय म्हणाली, डॉक्टर काय म्हणाले, यंत्राने का अडवलं. माल एकच संच आहे असं खातं समजतं, एवढंही सांगितलं. तिने एकच ओळ लिहिली म्हणून तो संच झाला, हे मात्र तिच्या तोंडून निघालं नाही.

"ती बाहेरची यंत्रं मी बघितलीत," निकेश म्हणाला. "आमचा एकजण होता त्याचेवर. भिंतीला बांधलेला. खिडकीपरत जायाला नळी पुरत नव्हती." त्याने खाडीकडे मान वळवली. "ताय, मी आथंच मेलो तर?"

हे तिने तांबोळी साहेबांना विचारलेलं होतं.

"तरी माल परत करावा लागतो, निक्या. तुला जालता येनार नाय. पेटीत घालून पाठवावा लागंल."

"म्हंजे आपले गावचा मसान पन नाय."

"नाय."

तो हसला, आणि हसताना खोकला आला, तो किती वेळ थांबेना. तिने पाठ चोळली, पाणी दिलं. "मग चालत जातो," तो म्हणाला. "पेटीतून जान्यापेक्षा बरा. तू भर काय भराचा तो." आणि मग, बहिणीला बरं वाटावं म्हणून, तो पुढे म्हणाला, "एक बरा केलास, एकच ओल लिवलीस. आता जाताना परत दोनदा नळी घातली असती तर मी तिथंच मेलो असतो."

दर्शना उठून आत गेली. चुलीपाशी काही काम नव्हतं तरी ती तिथे उभी राहिली. सांगावं असं तिला वाटलं, फार वाटलं. पण सांगून त्याला काय मिळणार होतं? जाताना त्याच्याकडे एक बहीण तरी धड राहू दे, असं म्हणून तिने तोंड मिटलं. यात माया किती आणि भीती किती, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं.

निघायच्या दिवशी तांबोळी साहेब स्वतः तपासणीला आले. नळी त्यांनी दुसऱ्या कुणाला हातात घेऊ दिली नाही. निकेशला खुर्चीत बसवलं, दर्शनाने मागून त्याचं डोकं आपल्या पोटाशी धरलं, लहानपणी आई धरायची तसं. नळी उजवीकडे उतरली. पडद्यावर पटल दिसलं, गुलाबी, ओलं, श्वासाबरोबर हलणारं. तिथे खूण सापडायला वेळ लागला, कारण निकेशच्या पेशी तिच्यावरून वाढल्या होत्या. मग यंत्राला ती सापडली. एजंटाने जाहीर करायचं वाक्य पडद्यावर आलं: माल जसा आला तसाच जात आहे.

"दर्शना," तांबोळी साहेब हळू आवाजात म्हणाले, "तुला वाचून दाखवावं लागेल."

तिने वाचून दाखवलं. तिचा आवाज कापलाही नाही. याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

दारापाशी निकेशने तिच्या पायाला हात लावला. वाकल्याने त्याला धाप लागली, म्हणून तिने त्याला धरून उभं केलं. "पोचलो की फोन करतो," तो म्हणाला. त्याने तो केलाही, मधल्या विमानतळावरून. ठीक आहे म्हणाला, खिडकीची जागा मिळाली म्हणाला. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. कंपनीला विचारलं की दुभाषा यंत्र सांगायचं, उपचार सुरू आहेत. एकदा विचारलं, दहादा विचारलं, तेच उत्तर. नंतर नंतर ते दर्शनाकडे कार्नेटचा क्रमांक मागू लागलं, आणि क्रमांक दिला की म्हणायचं, प्रकरण बंद होण्याच्या मार्गावर आहे.

माघात करंजाचं एक नाचपथक दुबईला जायला निघालं. पथकाचा म्होरक्या हरेश कोळी ढोल, ताशे, झांजा अशी सगळी सामग्री घेऊन तिच्या खोलीत आला. दर्शनाने यादी भरायला घेतली. ढोल एका ओळीत, त्याच्या काठ्या वेगळ्या ओळींत, एकेक. झांजांपाशी आली तेव्हा तिने एक झांज एका ओळीत लिहिली आणि दुसरी दुसऱ्या.

"ताई, ही जोडी हाय," हरेश म्हणाला. "एकटी झांज कदी वाजते का? आन एवढ्या ओली झाल्या तर आमी संध्याकालपरत आथंच. लोक बोलतात, कार्नेटवाली ताई तासात सोरते."

"आता नाही सोडत," ती म्हणाली. "बस."

तेवढ्यात पडद्यावर निरोप आला. कार्नेट बंद झाल्याची सूचना होती, तिच्याबरोबर माल ताब्यात घेतल्याचा अहवाल. एजंटाला प्रत पाठवायची पद्धत असते, म्हणून ती आली. दर्शनाने ती उघडली.

'श्वसनपटल, जोडी, संच १. पूर्ण मिळाला. डावा भाग निकामी, नष्ट केला. उजवा भाग उत्तम स्थितीत, पुनर्वापरास योग्य. उजव्या भागावर परक्या पेशींची वाढ आढळली. त्या धुऊन काढल्या आहेत.'

तिने ते पुन्हा वाचलं. माणसाचं काय झालं, ते खाली लिहिलं असेल म्हणून तिने पान वर सरकवलं. खाली काही नव्हतं. अहवाल तिथेच संपला होता.

"काय झाला, ताई?" हरेशने विचारलं.

"काही नाही," दर्शना म्हणाली. "माझ्या भावाचं काम होतं. संपलं."

तिने पुढची झांज हातात घेतली, उलटी करून तिच्यावरची खूण पाहिली आणि नवी ओळ लिहायला लागली. पण डोळ्यांना अक्षरं दिसेनात, तेव्हा झांज मांडीवर तशीच धरून ती बसून राहिली. हरेश उठला नाही.